खटखट थांबली की भात

आमच्या गल्लीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, थांबले की माझी बायको भात टाकायची. घड्याळ बघून तिनं कधी भात टाकला नाही. घड्याळ घरात होतं, मुलीच्या लग्नात आलेलं, ते कधी पुढं धावायचं, कधी बंद पडायचं. तिचं त्याच्यावाचून अडायचं नाही. परातीत पीठ मळत बसलेली असायची, आणि बाहेरची खटखट एकदम मेली की तशाच पिठाच्या हातांनी उठायची. आधणावरचं झाकण काढायचं, धुऊन निथळत ठेवलेले तांदूळ आत सोडायचे. तांदूळ शिजायला जेवढा वेळ, तेवढाच वेळ कारीगराला लूमवरून निघून, अंगावरचा कापूस झटकून, नळावर हातपाय धुऊन आमच्या दारात यायला. इकडं भात उतरायचा, तिकडं पहिली चप्पल उंबऱ्याशी वाजायची.

हे मी रोज बघायचो. त्यात बघण्यासारखं काय आहे ते मला कळायचं नाही.

मी मूळचा अंजूर गावचा. भावाभावांत वाटून माझ्या वाट्याला जमिनीचा तुकडा आला तो एवढासा, म्हणून तरुणपणीच भिवंडीत आलो आणि कारखान्यात बीम सांधायला शिकलो. लूमवरचं बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपलं की नवं चढवतात, आणि जुन्याच्या एकेका धाग्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडावा लागतो. हजारो धागे असतात. एक गाठ चुकली तर कापडभर रेघ जाते. जन्मभर मी ते केलं. बोटांत एवढा धीर होता, पण तोंडात पैशाचा नव्हता. बायकोला मी फार टाकून बोललो. आज ती ऐकायला नाही म्हणून लिहून ठेवतो.

खानावळ तिची. माझे डोळे अधू व्हायला लागले आणि बारीक सुताची कामं माझ्या हातून सुटली, तेव्हा तिनं मला न विचारता सुरू केली. आधी चार माणसं, मग आठ, मग वीस. सगळे कारीगर, कोणी उत्तरेकडचे, कोणी तेलंगणाकडचे. घरदार गावाला, इथं एका खोलीत दहाजण पाळीपाळीनं झोपणारे. तिला सगळे चाची म्हणायचे. म्हणून मी चाचा.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं लाईटची फार बोंब होती. दिवसातून कधीही जायची, तास-तास, दोन-दोन तास. लूम बंद. कारीगराला मजुरी मीटरवर, जेवढं कापड निघेल तेवढी. म्हणजे लूम चालू असताना तो मेला तरी जेवायला उठणार नाही, आणि लाईट गेली की रिकामा, भुकेला आणि चिडलेला. आमच्या मागच्या गल्लीत एक खानावळ होती, मोठी, आमच्याहून जुनी. बाहेर पाटी होती, जेवणाची वेळ बारा ते दोन. मालक पाटीला धरून बसला. बारा ते दोन लूम चालू, पंगत रिकामी. तीन वाजता लाईट गेली की पंचवीस माणसं दारात आणि आत टोप घासायला टाकलेले. वर्षभरात त्यानं कुलूप लावलं. त्याची माणसं आमच्याकडं आली.

आमच्याकडं पाटीच नव्हती. हिनं अख्खं स्वयंपाकघर खटखटीवर लावलं होतं. गल्लीच्या डाव्या अंगाची लाईट वेगळी, उजव्या अंगाची वेगळी, दोन्ही एकदम जात नसत. कोणत्या अंगाची खटखट मेली ते ती कानानं ओळखायची. डावीकडचे थांबले की आठजणांचा भात, उजवीकडचे थांबले की बाराजणांचा.

मी तिला हसायचो. "हा काय धंदा? ना वेळ ना काळ."

ती म्हणायची, "तुमी तुमच्या गाठी मारा."

एकदा तिच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तपासायला ठाण्याला नेलं, तर तिथं चार दिवस ठेवून घेतली. मुलगी तिच्याजवळ राहिली आणि खानावळ माझ्या गळ्यात पडली. जाताना ती मला काहीतरी सांगत होती, मी म्हटलं, "तू जा गो, मला अक्कल हाय." पेपरात तेव्हा लाईट जायचं टायमटेबल छापून यायचं. मी ते कापून कॅलेंडरशेजारी चिकटवलं होतं. मला वाचता येत होतं, चौथीपर्यंत का होईना शिकलो होतो, आणि तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून मला वाटलं, आता दाखवतो हिला खानावळ कशी चालवायची ते.

पहिले दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी टायमटेबलात होतं, सकाळी अकराला लाईट जाणार. मी साडेदहाला वीसजणांचा भात टाकला. चपात्या करायला शेजारणीला बसवलं. अकराला सगळं तयार, पानं मांडलेली, पाण्याचे ग्लास भरलेले. मी दारात उभा, छाती पुढं काढून.

लाईट गेलीच नाही. त्या दिवशी कोणी मोठा माणूस गावात यायचा होता, म्हणून दिवसभर लाईट चालू ठेवली होती. अकरा, बारा, एक, दोन. दोन्ही अंगांनी लूम असे खडखडत होते की बस. मी एका कारखान्याच्या दारात जाऊन ओरडलो, "अरे, खाना तयार है!" एकानं लूमवरून मान पण वळवली नाही, नुसता हात हलवला, जा जा म्हणून. पाचनंतर आले सगळे. भात दगड झालेला, चपात्या पापडासारख्या. आमच्यात एक लांबडा कारीगर होता, उत्तरेकडचा, तोंडाळ, रोज जेवणात खोट काढणारा. त्यानं भाताचा गोळा बोटांनी उचलून बघितला.

"चाचा, ये खाने का है कि दीवार में लगाने का?"

मी त्याला शिव्या घातल्या. लाईटवाल्यांना घातल्या. पेपरवाल्यांना घातल्या. स्वतःला सोडून सगळ्यांना घातल्या.

ती परत आली तेव्हा शेजारणीनं सगळं आधीच सांगितलं होतं. ती खाटेवर बसली, कॅलेंडरशेजारच्या कागदाकडं बघितलं आणि हसायला लागली. पोट धरून हसत होती. दुखत पण होतं तिला.

"आवो, कागदाला काय ठावं? कान कशाला दिलेत?"

मग तिनं मला बसवून सांगितलं. तोपर्यंत मी कधी विचारलंच नव्हतं. डाळ, भाजी, चटणी पहाटेच करून ठेवायची, कारण त्यांना थांबता येतं. पीठ मळून, तांदूळ धुऊन, आधण बारीक विस्तवावर. तिथं हात थांबवायचा. भाताला आणि चपातीला थांबता येत नाही, म्हणून ते लूम थांबल्याशिवाय करायचं नाही.

"म्हंजे अर्धा बेत पक्का," ती म्हणाली, "आणि अर्धा मोकळा. सगळा पक्का केलात, म्हनून दगड झाला. सगळा मोकळा ठेवला असतात तर मानसं उपाशी गेली असती."

आता कोणी कोट घातलेला माणूस माईकवर हेच सांगतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मला ते माझ्या बायकोनं दुखरं पोट धरून सांगितलं, आणि मी म्हटलं, "बरं बरं, आता चहा टाक."

तपासणीचा कागद आठवड्यानं आला. गाठ होती, पोटात, आणि पसरलेली. डॉक्टर मला बाहेर घेऊन बोलला. सहा महिने म्हणाला. मी तिला सांगणार नव्हतो. रिक्षात ती माझ्या तोंडाकडं बघत होती. कोन गाव येईपर्यंत बघतच होती. मग म्हणाली, "टायमटेबल दिलं का डाक्टरनं?"

मी बाहेर रस्त्याकडं बघायला लागलो.

"किती?"

"सहा."

"म्हंजे तेच्या आधी," ती म्हणाली. "तुमचं टायमटेबल कदी खरं हुतं?" आणि माझ्या हातावर हात ठेवला. रिक्षावाल्यासमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती खानावळ आवरायला लागली. मला वाटलं, बंद करते आहे, आणि बरं वाटलं. पण ती बंद करत नव्हती. माणसं कमी करत होती. एकेकाला जेवण झाल्यावर थांबवायची, पाठीवर हात ठेवून दुसरी खानावळ सांगायची. वीसांतले चौदा असे गेले. गेले ते सगळे शहाणे. मुकाट जेवणारे, ताट स्वतः उचलणारे, भात कमी पडला तर पाणी पिऊन उठणारे. आणि ठेवले कोण? तो लांबडा. दुसरा एक तेलंगणाकडचा म्हातारा, जेवण यायला जरा उशीर झाला की चमच्यानं थाळी बडवणारा. बाकीचे चार पण तसलेच, कजाग. सहाच्या सहा.

मी फार चिडलो. "गो, तुझं डोकं फिरलंय काय? चांगली मानसं काढलीस आणि ही भुतं ठेवलीस?"

"ऱ्हाऊ दे. तोंड हाय तेंना."

"तोंड हाय म्हनूनच बोलतोय!"

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि कूस बदलून पडली.

एक गोष्ट मला नंतर कळली. ते सहाही डाव्या अंगाचे होते. म्हणजे दिवसातून एकदाच भात. ते तिनं माझ्या जिवाला झेपेल असं बसवलं होतं. पण तोंडाळच का निवडले, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग तिनं मला शिकवायला घेतलं. ती खाटेवर, मी शेगडीपुढं. आयुष्यभर मी तिच्यावर ओरडलो होतो, त्या दोन महिन्यांत तिनं सगळं फेडून घेतलं.

"पीठ हाय ते, सुताचं बंडल न्हाय. हळू."

"तू बोलू नको, मला कळतं."

"कळतं तर चपातीला कोपरे का?"

लांबडा दारातून ऐकायचा आणि म्हणायचा, "चाची, चौकोनी रोटी, नया फैशन है क्या?" ती हसायची. तो रोज डाळीवर बोलायचा, "ये दाल है कि नहाने का पानी?" आणि ती खाटेवरून म्हणायची, "नहा ले, तेरे को जरूरत है." पंगत हसायची. जेवणाऱ्यांच्या हसण्यानं तिचं दुखणं अर्धा तास लांब जायचं, हे मी बघितलं आहे.

तांदूळ मोजायला आमच्यात एक स्टीलचा ग्लास होता. माणशी एक ग्लास. मी मापं टाकत होतो. सहा त्यांची, मग सातवं, मग आठवं.

"सात," ती म्हणाली.

"सहा ते, एक मी, एक तू. आठ."

"मी पेज घेते. सात शिका."

मी आठवा ग्लास पिशवीत परत ओतला नाही. हातात धरून बसलो. मग बाहेर डाव्या अंगाची खटखट मेली, आणि ती म्हणाली, "आवो, बसलात काय? लूम थांबले." मी उठलो. मोजलेली सात मापं धुतली आणि टाकली. आठवा ग्लास ओट्यावर तसाच राहिला. चार दिवस त्याला कोणी हात लावला नाही.

डॉक्टरचे सहा महिने, पण चार पण पुरे झाले नाहीत. ती म्हणालीच होती. सकाळी अकराच्या सुमारास गेली. बाहेर दोन्ही अंगांनी लूम भरात होते. तिचा श्वास थांबला तो मला ऐकू आला नाही, त्या खटखटीत. हात गार लागला तेव्हा कळलं.

तिला घराबाहेर काढली तेव्हा गल्लीतल्या कारखानदारांनी आपापले मेन स्विच खाली पाडले. कोणी सांगितलं नव्हतं. एका कारखान्याची खटखट थांबली, मग पुढच्याची, मग पलीकडची. गल्ली अशी गप्प मी कधी ऐकली नव्हती. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा पण कुठंतरी एखादा लूम चालतो. त्या दिवशी एकही नाही. आणि खरं सांगतो, खांदा देताना माझ्या मनात रडू आलं नाही, देव आला नाही. एकच आलं, लूम थांबले आणि आधण ठेवलेलं नाही.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. मग एकेक पांगले. मुलगी अंबाडीला दिलेली आहे. ती म्हणाली, "बाबा, आता खोली बंद करा. रविवारी तुमचे जावई टेम्पो घेऊन येतील. सामान काय ते बांधून ठेवा."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. तिच्या घरी जागा आहे, दोन वेळचं खाणं आहे, ओटीवर खुर्ची टाकून बसायचं. मी त्या खुर्चीवर किती दिवस टिकलो असतो, ते मला तेव्हाच माहीत होतं. आणि टिकायची इच्छा पण नव्हती.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोच्या खाटेवर पडलो तो उठलोच नाही. चहा नाही, तोंड धुतलं नाही. शेगडी पेटवली नाही. सहाजण ते तेरा दिवस बाहेर हॉटेलात खात होते. त्यांना मी या म्हटलं नव्हतं आणि येऊ नका म्हणून पण सांगितलं नव्हतं.

दुपारी डाव्या अंगाची खटखट मेली. मी भिंतीकडं तोंड केलं.

थोड्या वेळानं उंबऱ्याशी चपला वाजल्या.

"चाचा!"

"चाचा, खाना!"

"बंद है," मी आतून म्हटलं. "हाटेल में जाओ."

"हाटेल की दाल खराब है." लांबड्याचा आवाज.

"इधर की भी खराब है. तूच बोलता है रोज."

"इधर की खराब दाल का आदत है, चाचा."

मग दारावर थाप. मग दोन थापा. मग तो तेलंगणाकडचा म्हातारा दारातच थाळी बडवायला लागला. कुठून आणली होती कोण जाणे, बहुतेक खोलीवरून घेऊनच आला होता. टण टण टण टण. बाकीचे ओरडायला लागले. शेजारची माणसं बाहेर आली. कोणीतरी म्हणालं, अरे, सुतक आत्ता फिटलं आहे त्या माणसाचं, लाज वाटत नाही का? थाळी थांबेना.

मी उठलो. डोकं भणभणलं होतं. दार उघडून पहिल्याला कानाखाली मारायची म्हणून कडी काढली. समोर लांबडा. एवढा तोंडाळ माणूस, खाली मान घालून उभा.

"चाची ने बोला था," तो म्हणाला. "चाचा दरवाजा नहीं खोले तो चिल्लाना. शरम नहीं करना. रोज चिल्लाना."

"कब बोला?"

"जब बाकी लोग को निकाला. बोली, मेरे को चिल्लानेवाला मंगता है."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. म्हातारा थाळी छातीशी धरून उभा होता.

मग मी उठून शेगडी पेटवली. दुसरं काय करणार होतो? डाळ केलेली नव्हती, आधण नव्हतं, पीठ मळलेलं नव्हतं. पक्का अर्धा पण नव्हता आणि मोकळा अर्धा पण नव्हता. सगळं मुळापासून करायचं होतं. सहाजण भिंतीला टेकून ओळीनं बसले. एकानं कांदा चिरायला घेतला. म्हाताऱ्यानं तांदूळ निवडले. मी ग्लास घेतला आणि मापं टाकली. सात. माझा हात आठव्याला गेला आणि तिचा आवाज आला, तो मी ऐकला, आणि ग्लास पालथा ठेवला.

भात अर्धा कच्चा होता, तेवढ्यात लाईट आली. एक लूम सुरू झाला, दुसरा झाला, आणि बघता बघता डाव्या अंगाची खटखट चालू. मी मागं बघितलं नाही. म्हटलं, आता हे उठतील. ह्यांची मजुरी मीटरवर आहे, चालू लूम सोडून जेवायला बसणारा कारीगर मी भिवंडीत बघितलेला नाही. चपला वाजायची वाट बघत मी डाळ ढवळत राहिलो.

चपला वाजल्या नाहीत.

वळून बघितलं तर सहाही तसेच बसलेले. बाहेर बाकीच्यांचे लूम खडखडत होते, त्यांचे लूम त्यांच्याशिवाय बंद उभे होते, आणि ते माझ्या शेगडीकडं बघत होते.

"लाईट आया," मी म्हटलं.

"मालूम है," लांबडा म्हणाला. "भात बनाओ."

मी वाढलं. म्हाताऱ्यानं सातवी थाळी आपल्या शेजारी मांडली आणि तिच्यावर हात ठेवून बसला, मी बसेपर्यंत. सगळे जेवायला लागले. लांबड्यानं डाळीचा घास घेतला, थांबला, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आज तरी गप्प बसेल.

"चाचा, नमक?"

मीठ घालायचं राहिलं होतं.

"नहाने को मीठा पानीच अच्छा," मी म्हटलं. तो हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड बाहीनं पुसलं. मी पण जेवलो. आळणी डाळ, पण पोटभर.

रविवारी जावई टेम्पो घेऊन आला तेव्हा सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. डाळ तयार होती, चटणी तयार होती, पीठ मळून ओल्या फडक्याखाली झाकलेलं. आधण बारीक विस्तवावर. तो दारात उभा राहिला, इकडं तिकडं बघितलं, एक बोचकं बांधलेलं नाही.

"बाबा, निघायचं ना?"

"जरा गप्प ऱ्हा," मी म्हटलं. "ऐकू दे."